उपराष्ट्रपतींच्या हातात नेमकं काय असतं?

प्रश्न विचारणारे स्पर्धा परीक्षेची तयारी करत आहेत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: २१ जुलै २०२५ च्या रात्री जगदीप धनखड यांनी उपराष्ट्रपतिपदाचा राजीनामा दिला, १२ सप्टेंबरला सी. पी. राधाकृष्णन यांचा शपथविधी होईपर्यंत पद रिकामं होतं, आणि मधल्या काळात सरकारचं काहीच अडलं नाही. मग हे पद निव्वळ मानाचं आहे का? आणि तसं असेल, तर त्या राजीनाम्याने दिल्लीत एवढी खळबळ का उडाली?

मी राज्यसभा सचिवालयात नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं नोटिसा आणि विधेयकं हाताळणाऱ्या शाखांमध्ये. त्यामुळे माझं उत्तर राज्यशास्त्राच्या पुस्तकापेक्षा जरा खालच्या मजल्यावरून येईल.

आधी तुमच्या शंकेतला बरोबर भाग मान्य करतो. सरकारमध्ये उपराष्ट्रपतींना जागाच नाही. ते मंत्रिमंडळात बसत नाहीत, त्यांच्याकडे कुठलंही खातं नसतं, पंतप्रधानांनी त्यांना एखादा निर्णय आधी कळवावा असं बंधन नाही. राष्ट्रपतींना निदान अनुच्छेद ७८ खाली सरकारकडून माहिती मागवता येते. उपराष्ट्रपतींना तेही नाही. राज्यघटनेने त्यांना दोनच कामं दिली आहेत: अनुच्छेद ६४ प्रमाणे राज्यसभेचं पदसिद्ध सभापतिपद, आणि अनुच्छेद ६५ प्रमाणे गरज पडली तर राष्ट्रपतींची जागा सांभाळणं. पगारसुद्धा उपराष्ट्रपती म्हणून मिळत नाही, सभापती म्हणून मिळतो. २०१८ पासून तो महिना ४ लाख रुपये आहे. राष्ट्रपतींचं काम करत असतील तेवढा काळ ते सभापती राहत नाहीत आणि सभापतींचा पगारही घेत नाहीत, तेव्हा राष्ट्रपतींचा पगार लागू होतो. दिल्ली विद्यापीठाचं कुलपतिपद वगैरे मान आहेत, पण त्यात फार अर्थ शोधू नका.

घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी हे स्पष्टच सांगितलं होतं. राष्ट्रपतींच्या निवडणुकीत राज्यांच्या आमदारांना मत आहे, मग उपराष्ट्रपतींच्या निवडणुकीत का नाही, असा मुद्दा निघाला. बाबासाहेबांचं उत्तर असं की, राष्ट्रपतींचे अधिकार केंद्र आणि राज्यं दोन्हींना लागू होतात, उपराष्ट्रपतींचं नेहमीचं काम मात्र फक्त राज्यसभेचं अध्यक्षस्थान चालवणं आहे. राष्ट्रपतींची जबाबदारी त्यांच्याकडे क्वचित आणि तात्पुरती येईल. म्हणून मतदार फक्त दोन्ही सभागृहांचे खासदार, नामनियुक्त धरून. सप्टेंबर २०२५ च्या निवडणुकीत राधाकृष्णन यांना ४५२ आणि न्या. बी. सुदर्शन रेड्डी यांना ३०० मतं पडली, ती या खासदारांचीच.

अमेरिकेच्या बातम्या वाचून अनेकांचा गोंधळ होतो, म्हणून तेही एकदा सांगून टाकतो. तिथला उपाध्यक्ष अध्यक्षाबरोबर एकाच तिकिटावर निवडून येतो, सरकारचा भाग असतो, आणि अध्यक्ष गेला तर उरलेली सगळी मुदत तोच अध्यक्ष असतो. आपल्याकडे सहा महिन्यांच्या आत नवा राष्ट्रपती निवडावाच लागतो, तोवर उपराष्ट्रपती फक्त काम पाहतात. सिनेटमध्ये समसमान मतं पडली की उपाध्यक्षाचं मत निर्णायक ठरतं आणि तिथे ते वारंवार घडतं. १ जुलै २०२५ ला जे. डी. व्हान्स यांनी ट्रम्प यांचं करविषयक मोठं विधेयक ५१ विरुद्ध ५० असं तारलं ते याच मताने. आपल्या सभापतींनाही अनुच्छेद १०० खाली निर्णायक मत आहे. राज्यसभेत ते वापरल्याचं उदाहरण ऑगस्ट १९९१ चं आहे, फौजदारी प्रक्रिया संहितेच्या एका वटहुकुमावर ३९-३९ अशी मतं पडली तेव्हाचं. आणि तेव्हाही खुर्चीवर सभापती नव्हते, तालिका उपाध्यक्ष (सभापतींच्या गैरहजेरीत कामकाज चालवणाऱ्या सदस्यांपैकी एक) होते.

राष्ट्रपतींची जागा सांभाळण्याचा भाग परीक्षेत एका वाक्यात येतो, पण त्यातले दोन प्रसंग नीट बघण्यासारखे आहेत.

पहिला १९६९ चा. ३ मे रोजी राष्ट्रपती झाकिर हुसेन यांचं निधन झालं आणि उपराष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी काम पाहू लागले. पुढे गिरींना स्वतःच राष्ट्रपतिपदाची निवडणूक अपक्ष म्हणून लढवायची होती, त्यासाठी त्यांनी २० जुलैला पद सोडलं. त्याच्या आदल्या दिवशी, १९ जुलैला, त्यांनी इंदिरा गांधींच्या सरकारच्या एका वटहुकुमावर सही केली: १४ खाजगी बँकांचं राष्ट्रीयीकरण. आपली पुण्याची बँक ऑफ महाराष्ट्र त्यातलीच एक. स्वातंत्र्यानंतरच्या सर्वांत मोठ्या आर्थिक निर्णयांपैकी एकावर सही आहे ती तात्पुरती जबाबदारी सांभाळणाऱ्या उपराष्ट्रपतींची! गिरी गेल्यावर दोन्ही पदं रिकामी झाली. ही वेळ येऊ शकते हे ओळखून मे महिन्यातच संसदेने कायदा करून ठेवला होता, म्हणून सरन्यायाधीश मोहम्मद हिदायतुल्ला यांना राष्ट्रपतींचं काम पाहता आलं. ते शिकले आणि वकिली करून न्यायाधीश झाले ते नागपुरात. दहा वर्षांनी तेच बिनविरोध उपराष्ट्रपती झाले आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये झैलसिंग उपचारासाठी परदेशी गेले तेव्हा पुन्हा काही आठवडे राष्ट्रपतींचं काम त्यांच्याकडे आलं. असा योग दुसऱ्या कुणाच्या नशिबी आला नाही.

दुसरा प्रसंग १९७७ चा, आणि मर्यादा समजायला माझ्या मते हाच खरा धडा. फेब्रुवारीत फखरुद्दीन अली अहमद यांचं निधन झालं, बी. डी. जत्ती काम पाहू लागले. जत्ती मूळचे जमखंडी संस्थानातले, कायदा शिकले कोल्हापुरात, आणि मुंबई राज्यात खेर आणि मोरारजी यांच्या काळात त्यांनी काम केलेलं. मार्चमध्ये जनता पक्ष सत्तेवर आला, पंतप्रधान तेच मोरारजी. नव्या सरकारने काँग्रेसच्या ताब्यातल्या नऊ राज्यांच्या विधानसभा बरखास्त करायचं ठरवलं. राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २९ एप्रिलला हरली. तरीही जत्तींनी लगेच सही केली नाही. सरकारमध्ये खळबळ उडाली, मंत्रिमंडळाने त्यांना बजावलं की सल्ला बंधनकारक आहे. ३० एप्रिलला सही झाली.

आता यातली मेख बघा. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला राष्ट्रपतींवर स्पष्ट शब्दांत बंधनकारक केला होता. सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याची मुभा आली ती १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने. म्हणजे एप्रिल १९७७ मध्ये जत्तींच्या हाती परत पाठवण्याचाही अधिकार नव्हता. होता तो फक्त वेळ. तो त्यांनी घेतला, आणि जेमतेम एक दिवस पुरला. निवडून आलेल्या राष्ट्रपतींच्या मागे पाच वर्षांची मुदत आणि देशभरच्या आमदार-खासदारांची मतं असतात. काम पाहणाऱ्या उपराष्ट्रपतींच्या मागे त्यातलं काहीच नसतं, म्हणून त्यांचा नकार फार टिकत नाही.

आता राज्यसभेकडे येऊ. उपराष्ट्रपतींचं खरं वजन तिथेच आहे, आणि ते भाषणात नाही, नोटिशीत आहे. संसदेत जवळपास प्रत्येक गोष्ट नोटिशीने सुरू होते. ती आली की तिच्यावर शिक्का बसतो, वेळ पडते, आणि मग प्रश्न एकच उरतो: ती दाखल करून घ्यायची का, आणि कधी? हे ठरवतात सभापती.

सर्वांत जड नोटीस असते उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला हटवण्याची. न्यायाधीश चौकशी कायदा, १९६८ प्रमाणे राज्यसभेत ५० सदस्यांच्या सह्या लागतात. सह्या पुरेशा असल्या तरी सभापती ती दाखल करून घेऊ शकतात किंवा नाकारू शकतात, आणि त्यापूर्वी कुणाशी सल्लामसलत करायची ते त्यांनीच ठरवायचं. एप्रिल २०१८ मध्ये सरन्यायाधीश दीपक मिश्रा यांच्याविरुद्ध ६४ खासदारांच्या सह्यांची नोटीस शुक्रवारी आली आणि तेव्हाचे सभापती व्यंकय्या नायडू यांनी सोमवारी ती फेटाळली. डिसेंबर २०२४ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या न्या. शेखर यादव यांच्याविरुद्ध ५५ सह्यांची नोटीस आली. ती सह्यांच्या पडताळणीत अडकली आणि धनखड पायउतार झाले तरी तिचा निकाल लागलेला नव्हता. एक नोटीस तीन दिवसांत संपली, दुसरी सात महिने पडून राहिली. दोन्ही वेळा सभापती कायद्याच्या चौकटीत होते. ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणण्याइतकाच ‘अजून नाही’ म्हणण्याचा अधिकार मोठा असतो, आणि त्याला मुदत घातलेली नाही. आमच्या शाखेत नवा आलेला कर्मचारी ही गोष्ट पहिल्या अधिवेशनातच शिकायचा.

पक्षांतरबंदीतही हेच. राज्यसभा सदस्याच्या अपात्रतेचा निर्णय दहाव्या परिशिष्टाप्रमाणे सभापती देतात. शरद यादव आणि अली अन्वर यांच्याविरुद्ध संयुक्त जनता दलाचा अर्ज सप्टेंबर २०१७ मध्ये आला आणि ४ डिसेंबरला नायडूंनी दोघांना अपात्र ठरवलं. असे अर्ज साधारण तीन महिन्यांत निकाली निघावेत असं त्यांचं मत होतं. महाराष्ट्रातल्या वाचकांना यातला फरक वेगळा सांगायला नको: जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, आणि विधानसभा अध्यक्षांचा निकाल आला तो १० जानेवारी २०२४ ला, तोही सर्वोच्च न्यायालयाने तारखा घालून दिल्यावर. पण नायडूंच्या तत्परतेला दुसरी बाजूही आहे. जून २०१९ मध्ये तेलुगू देसमच्या सहापैकी चार राज्यसभा खासदारांनी भाजपमध्ये विलीन होत असल्याचं पत्र दिलं आणि ते अगदी लगेच मान्य झालं. वेग कुणाच्या सोयीचा ठरतो, हे प्रत्येक प्रकरणात वेगळं तपासावं लागतं.

रोजच्या कामात नियम २६७ महत्त्वाचा. ठरलेलं कामकाज बाजूला ठेवून तातडीचा विषय घ्या, अशी मागणी त्या नियमाखाली होते आणि तिला सभापतींची संमती लागते. नोव्हेंबर २०१६ मध्ये हामीद अन्सारी सभापती असताना नोटाबंदीवर अशी चर्चा सुरू झाली. त्यानंतर विरोधकांनी ढीगभर नोटिसा दिल्या आणि त्या नाकारल्या गेल्या. दुसऱ्या बाजूला, गोंधळात विधेयकं मंजूर करू नयेत असा अन्सारींचा आग्रह असे, आणि त्याचा त्रास त्या वेळच्या सरकारला व्हायचा. महिला आरक्षण विधेयक ८ मार्च २०१० ला मांडलं तेव्हा सभापतींच्या मेजावरचे कागद फाडले गेले. दुसऱ्या दिवशी सात सदस्य निलंबित झाले, मार्शल बोलवावे लागले, आणि मग १८६ विरुद्ध १ मतांनी ते मंजूर झालं. (लोकसभेत ते कधी मंजुरीपर्यंत गेलंच नाही, पण तो वेगळा विषय.)

शिवाय खात्यांशी संबंधित २४ स्थायी समित्यांपैकी आठ राज्यसभा सभापतींच्या अखत्यारीत येतात. सदस्य पक्षांच्या यादीतून येतात, पण नेमणूक सभापतींची. राज्यसभेचे महासचिव नेमतात तेही सभापतीच. मार्च २०२३ मध्ये धनखड यांनी आपल्या कार्यालयातले अधिकारी समित्यांना जोडले तेव्हा विरोधकांनी हरकत घेतली. समितीच्या बंद खोलीत चालणारं काम सभापतींच्या कानावर जाणार, ही त्यामागची भीती. बाहेरच्यांना हे किरकोळ वाटलं असेल. आम्हा सचिवालयातल्या माणसांना नाही वाटलं.

तरीही या खुर्चीला कुंपणं बरीच आहेत. धनविधेयकावर राज्यसभा फक्त शिफारशी करू शकते, आणि धनविधेयक कोणतं हे लोकसभा अध्यक्ष ठरवतात. २०१६ मध्ये आधार विधेयकाला सुमित्रा महाजन यांनी धनविधेयकाचं प्रमाणपत्र दिलं (चिपळूणच्या माहेरवाशीण, खासदार इंदूरच्या). राज्यसभेने १६ मार्चला पाच दुरुस्त्या सुचवल्या, त्याच दिवशी लोकसभेने पाचही नाकारल्या. अन्सारींना यात बोलायला जागाच नव्हती. दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक झाली तरी अध्यक्षस्थानी लोकसभा अध्यक्ष असतात. मानाच्या क्रमाने दुसरे असलेले उपराष्ट्रपती तिथे नसतात. सदस्याला निलंबित करायचं तर लोकसभेत नियम ३७४-अ खाली अध्यक्षांनी नाव घेतलं की निलंबन आपोआप लागू होतं. राज्यसभेत सभापती सदस्याला त्या दिवसापुरतं बाहेर काढू शकतात, त्याहून जास्त हवं असेल तर नियम २५६ खाली सभागृहाने ठराव करायचा. म्हणजे बहुमत हवं, म्हणजे बहुधा सरकारची मदत हवी. सप्टेंबर २०२० मध्ये शेती कायद्यांच्या गोंधळानंतर हिंगोलीचे राजीव सातव यांच्यासह आठ जणांचं निलंबन झालं ते अशाच ठरावाने. त्या रविवारी खुर्चीवर उपसभापती हरिवंश होते. त्यांच्याविरुद्धची अविश्वासाची नोटीस नायडूंनी दुसऱ्या दिवशी अमान्य केली.

मोठ्याने बोलण्याच्या प्रभावाबद्दलही विचारलं जातं, कारण धनखड खूप बोलत. डिसेंबर २०२२ मध्ये सभापती म्हणून केलेल्या पहिल्याच भाषणात त्यांनी न्यायाधीशांच्या नेमणुकांसाठीचा न्यायिक नियुक्ती आयोग रद्द करणाऱ्या निकालावर टीका केली. एप्रिल २०२५ मध्ये अनुच्छेद १४२ ला (पूर्ण न्यायासाठी हवा तो आदेश देण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा अधिकार) न्यायपालिकेच्या हातातलं अण्वस्त्र म्हटलं. मुंबईतल्या वकिलांच्या संघटनेने त्यांच्या आणि तत्कालीन कायदामंत्र्यांच्या विधानांविरुद्ध केलेली याचिका मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये फेटाळली आणि पुढे सर्वोच्च न्यायालयानेही. भाषणांनी मथळे मिळाले. एकही कायदा त्यामुळे बदलला नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. उपराष्ट्रपतींना हटवायला महाभियोग लागत नाही. अनुच्छेद ६७ प्रमाणे १४ दिवसांची नोटीस, राज्यसभेत त्या वेळच्या एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव, आणि लोकसभेची साधी संमती. कारणसुद्धा सांगावं लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये विरोधकांनी धनखड यांच्याविरुद्ध अशी नोटीस दिली, उपराष्ट्रपतींविरुद्धची इतिहासातली पहिली. ती १० तारखेला आली आणि अधिवेशन २० ला संपणार होतं, तेव्हा १४ दिवस भरणारच नव्हते. उपसभापतींनी ती १९ ला फेटाळली. बहुमत नसलेल्या विरोधकांना हे हत्यार उपयोगाचं नाही. बहुमत असलेल्या सरकारच्या हाती ते न उगारताही काम करतं, आणि पाच वर्षांच्या मुदतीचं संरक्षण वाटतं तितकं पक्कं नाही ते यामुळे.

२१ जुलै २०२५ ला पावसाळी अधिवेशनाचा पहिला दिवस होता. अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्या. यशवंत वर्मा यांना हटवण्यासाठी लोकसभेत सत्ताधारी आणि विरोधक दोघांच्याही सह्यांची नोटीस दिली गेली. त्याच दुपारी धनखड यांनी राज्यसभेत सांगितलं की, पन्नासहून जास्त सदस्यांची नोटीस आपल्याकडेही आली आहे. ही राज्यसभेतली नोटीस विरोधकांची होती. १९६८ च्या कायद्यात तरतूद अशी की, एकाच दिवशी दोन्ही सभागृहांत नोटिसा आल्या, तर दोन्हीकडे त्या दाखल झाल्याशिवाय समिती नेमता येत नाही, आणि मग ती लोकसभा अध्यक्ष आणि सभापती मिळून नेमतात. म्हणजे सरकारला लोकसभेतून एकट्याने पुढे न्यायची होती ती प्रक्रिया सभापतींच्या एका घोषणेने दोघांची झाली. संध्याकाळच्या कामकाज सल्लागार समितीच्या बैठकीला सभागृहनेते जे. पी. नड्डा आणि संसदीय कामकाज मंत्री किरेन रिजिजू आले नाहीत. रात्री राजीनामा आला, कारण प्रकृतीचं. त्या दोन गोष्टींचा संबंध किती, यावर दिल्लीत हव्या तेवढ्या कहाण्या मिळतील. कागदावर आहे ते मी सांगितलं. १२ ऑगस्टला लोकसभा अध्यक्षांनी एकट्यानेच चौकशी समिती नेमली.

म्हणून त्या राजीनाम्याने खळबळ उडाली, आणि म्हणूनच सरकारचं काही अडलं नाही. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. दुपारच्या दोन-चार वाक्यांत सभापती देशातल्या सर्वांत बलाढ्य सरकारचं वेळापत्रक बदलू शकतात, पण ती खुर्ची दुसऱ्या दिवशी उपसभापती चालवू शकतात. पदाला स्वतःचा पक्ष नाही, मतदारसंघ नाही, खातं नाही. सरकारशी सूर जुळलेला असेल तोवर त्यांच्या निर्णयांना ‘सभापतींचा अधिकार’ म्हणतात, आणि सूर बिघडला की त्याच अधिकाराकडे संशयाने पाहिलं जातं.

जाता जाता, मुलाखतीत हमखास विचारतात म्हणून: महाराष्ट्राचा एकही माणूस आजवर उपराष्ट्रपती झालेला नाही. २००२ मध्ये सुशीलकुमार शिंदे लढले आणि भैरोसिंह शेखावत यांच्याकडून ३०५ विरुद्ध ४५४ असे हरले. महाराष्ट्राचे राज्यपाल मात्र दोघे त्या पदावर गेले, शंकर दयाळ शर्मा आणि आताचे राधाकृष्णन. नव्या सभापतींचा कल समजून घ्यायचा असेल तर त्यांची भाषणं ऐकण्यात वेळ घालवू नका. राज्यसभेच्या संकेतस्थळावर अधिवेशनात रोजची कामकाज पत्रिका आणि बुलेटिन येतात. नियम २६७ च्या किती नोटिसा आल्या आणि त्यांचं काय झालं, कोणतं विधेयक समितीकडे गेलं, एखादा अपात्रतेचा अर्ज किती दिवस पडून आहे, एवढं एका अधिवेशनापुरतं वहीत टिपून ठेवा.